अर्धी टाकी

पाठीमागे सगळे त्याला ‘चालेल’ म्हणत. तोंडावर सर, साहेब, कप्तान. पाठ वळली की चालेल. बत्तीस वर्षं खारं पाणी अंगावर घेतलेल्या माणसाने कमावलेलं नाव हे! पण लोकांची तरी काय चूक? आचाऱ्याने म्हणावं, दूध संपलंय, आज चहा काळाच, चालेल. मालकाने म्हणावं, यंदा रंग फक्त धक्क्यावरून दिसते तेवढ्याच बाजूला, चालेल. घरी बायकोने विचारलं, पडदे निळे घेऊ की हिरवे, तरी चालेल. वैतागून तिने एकाच खिडकीला एक निळा आणि एक हिरवा लावला. तेही चाललं. सहा वर्षं झाली, अजून लटकतायत.

आठवड्यातले दोन दिवस मात्र हाच माणूस वाघ व्हायचा. खलाशांच्या शाळेत तो जहाजाचा तोल हा विषय शिकवायचा. हातात खडू आला की पाठ ताठ, आवाज खणखणीत. “जहाज उभं का राहतं?” तो गरजायचा. “तुमच्या पुण्याईने? अजिबात नाही! वजन खाली आहे म्हणून. ते वर चढवा आणि मग बघा पुण्याई किती पुरते!” मग एकाला पुढे बोलवून त्याच्या हातात पसरट ट्रे द्यायचा, त्यात दोन बोटं पाणी ओतायचा आणि म्हणायचा, चाल. दहा पावलांत पाणी एका कडेला धावायचं, ट्रे तिकडे कलायचा, कलला की उरलेलं पाणीही तिकडेच, आणि चालणाऱ्याचे बूट ओले. तेच पाणी झाकणापर्यंत गच्च भरलेल्या डब्यात दिलं, की पळालं तरी थेंब हलत नसे.

“जहाजाच्या तळाला टाक्या असतात,” तो सांगायचा. “गच्च भरा, जहाज जमिनीत रोवल्यासारखं. रिकाम्या ठेवा, निदान आतलं पाणी तरी दगा देत नाही. आणि अर्धी टाकी?”

“अर्धी टाकी म्हणजे घरातला चोर!” सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा. हे वाक्य त्यानेच बसवलं होतं, आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. वर्ग सुटला, की खडूबरोबर वाघही फळ्यापाशी ठेवून तो घरी यायचा.

जहाजाचा मालक होता त्याचा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. मूळचा फर्निचरवाला. समुद्राशी त्याचा संबंध म्हणजे दुकानातल्या एका सोफ्याचं कापड समुद्री निळं होतं, एवढाच. पण बारा वर्षांपूर्वी समोरच्या बेटावर माणसं नेणारं एक जुनं, रुंद, दणकट जहाज विकायला निघालं आणि याने ते घेतलं. का, तर सोफे विकून कंटाळा आला होता. त्याच सुमारास कप्तानाची मोठी कंपनी बंद पडली होती. सासूबाईंनी शब्द टाकला, मेहुण्याने जावयाला जहाज दिलं, आणि त्या दिवसापासून कप्तानाच्या ‘चालेल’ला आणखीच धार आली. उपकाराखाली दबलेला माणूस मान वर करून बोलणार तरी कसा?

जहाज चांगलं होतं हो. थोडं हिसके देणारं. लाट आली की कलायचं आणि झटकन, जवळजवळ रागाने, सरळ व्हायचं. प्रवासी पोट धरून शिव्या घालायचे. मेहुण्याला हे बघवेना. “भावोजी, माणसं ओकतायत. ओकणारं गिऱ्हाईक परत येत नाही.” मग त्याच्या डोक्यात कल्पना आली. जहाजाच्या डोक्यावर एक हॉल बांधायचा. लग्नं, वाढदिवस, कंपन्यांच्या पार्ट्या. आणि फर्निचरवाल्याने हॉल बांधायचा म्हणजे काय कमी करेल? जमिनीला संगमरवर. भिंतींना पुरुषभर उंचीचे आरसे. मधोमध झुंबर. एका कडेला अखंड दगडाचा काउंटर, जो वर चढवायला क्रेन लागली. सोफे तर दुकानातले न खपलेले सगळे.

क्रेनने तो काउंटर उचलला तेव्हा कप्तान धक्क्यावर उभा होता. शेजारी त्याची चीफ ऑफिसर होती, तिशीतली बाई, त्याचीच जुनी विद्यार्थिनी. ट्रेमधलं पाणी तिने एके काळी त्याच्याच बुटांवर सांडलं होतं.

“सर, हे सगळं जहाजाच्या डोक्यावर?” ती म्हणाली.

“हं,” कप्तान म्हणाला.

“हिशोब नवा करायला हवा. बंदर कचेरीला कळवून तोल परत तपासून घ्यायला हवा.”

“दादा म्हणतायत, पुढच्या महिन्यात.”

“आणि उद्घाटन?”

“या महिन्यात.”

तिने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. कप्तानाने ते ऐकलं नाही, म्हणजे ऐकलं, पण चालवून घेतलं.

हॉल तयार झाल्यावर पाहुण्यांशिवाय एक चाचणी फेरी काढली. मेहुणा स्वतः निळ्या सोफ्यावर आडवा पडला. बंदराबाहेरच्या लाटा लागल्या आणि जहाज डुलू लागलं. पण काय डुलणं! ना हिसका, ना धक्का. इकडे जायचं, जरा थांबायचं, मग सावकाश, अगदी आळसावून, तिकडे. मेहुण्याचे डोळे भरून आले. “बघा भावोजी, बघा! पाळणा झालाय पाळणा! तुम्ही उगाच तोंड पाडून बसला होतात. जहाज सुधारलं की नाही?”

कोपऱ्यात चीफ ऑफिसर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभी होती. एका कडेहून दुसऱ्या कडेला आणि परत, किती सेकंद. पूर्वी आठ लागायचे. ती कप्तानाच्या कानाशी आली. “चौदा, सर. तेही खालच्या टाक्या गच्च भरलेल्या असताना.”

झटकन सरळ होणारं जहाज उद्धट असतं, पण घरी परततं. इतक्या सावकाश परतणारं जहाज, परतावं की नाही याचा विचार करत असतं. हे कप्तान वीस वर्षं फळ्यावर लिहीत आला होता. त्याने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा डोळे मिटून डुलत होता.

“दादा,” तो म्हणाला, “ते हिसके जरा बरे होते.”

“काय?”

“नाही, काही नाही. छान झालंय.”

घ्या! वर्गात तीस जणांसमोर गरजणारा वाघ, एका सोफ्यावरच्या माणसासमोर मांजर होऊन बसला.

उद्घाटनाला दोनशे पाहुणे यायचे होते. मेहुण्याने कुठूनशी माहिती काढली होती, की बंदराच्या आतल्या आत फेरी मारायची असेल तर कप्तानाने वहीत एका पानावर सही केली की पुरे. तपासणीबिपासणी लागत नाही. एवढ्यावर तो थांबला असता तरी निभावलं असतं. पण त्याने जहाजाच्या अंगाला चहूबाजूंनी, पाण्याच्या जरा वर, एक सोनेरी पट्टा मारून घेतला होता. खालच्या टाक्या गच्च भरल्या की जहाज वीतभर खाली बसायचं आणि पट्ट्याचा अर्धा भाग पाण्यात जायचा. फोटोत दिसणार काय? टाक्या रिकाम्या करा, मेहुणा म्हणाला. भरलेल्याच हव्यात, चीफ ऑफिसर म्हणाली. “ही कोण मला सांगणार?” मेहुणा म्हणाला, आणि प्रकरण घरापर्यंत गेलं. त्या घरातलं प्रत्येक प्रकरण शेवटी सासूबाईंच्या खोलीतच जायचं.

सासूबाईंचं न्यायालय अर्ध्यावर चाले. मुलं लहान होती तेव्हा एक सायकल आणली. सकाळची याची, संध्याकाळची हिची. खिडकीपाशी कोण बसणार यावर भांडण. जाताना तू, येताना ती. शाळेत जाताना एकच छत्री. दोघं तिच्याखाली अर्धी अर्धी, म्हणजे दोघंही निम्मी भिजून घरी यायची आणि दोघांनाही सर्दी व्हायची. पण भांडण मिटायचं! भांडण मिटणं महत्त्वाचं, सर्दी काय, होतच असते. या पद्धतीवर सासूबाईंनी पन्नास वर्षं संसार हाकला होता, आणि एकदाही कुणी त्यांच्या निवाड्यावर वर अपील केलेलं नव्हतं.

त्या दिवशी त्या आरामखुर्चीत बसल्या होत्या. कप्तान, त्याची बायको आणि मेहुणा समोर.

“दादा म्हणतो रिकाम्या,” सासूबाई म्हणाल्या. “जावईबापू, तुम्ही म्हणता भरलेल्या. बरोबर?”

“आई, म्हणजे कसं आहे,” कप्तान म्हणाला, “वर वजन वाढलंय, तर खाली...”

“सोनेरी पट्टा काय फुकट मारलाय मी?” मेहुणा म्हणाला. “आणि तासाभराची फेरी आहे, वारा नाही, लाट नाही.”

“मग त्यात एवढं काय?” सासूबाई म्हणाल्या. “अर्ध्या भरा.”

खोलीत एकदम मोकळं मोकळं वाटलं. मेहुण्याने मान हलवली. पट्टा जवळजवळ सगळा दिसणार होता. बायको हसली, भाऊ आणि नवरा यांच्यात आज वाजणार या धास्तीने ती सकाळपासून धड जेवली नव्हती. सगळ्यांनी कप्तानाकडे पाहिलं.

आता बघा. भरलेल्या म्हटल्या असत्या तर ठीक. रिकाम्या म्हटल्या असत्या तरी एक वेळ ठीक. जगात तिसरं एकच उत्तर होतं, आणि त्या माउलीने नेमकं तेच काढलं. आणि हे त्या खोलीत एकाच माणसाला कळत होतं. त्याच्या कानात तीस पोरं एका सुरात ओरडत होती.

“आई, टाकीचं तसं नसतं,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता, की घड्याळाची टिकटिक त्याच्यावरून गेली.

“जावईबापू, संसारात थोडं त्यांचं, थोडं आपलं,” सासूबाई म्हणाल्या.

बायको अजून हसत होती. कप्तानाने तिच्याकडे पाहिलं.

“चालेल,” तो म्हणाला.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी घरातून निघताना बायको आरशासमोर कानातलं घालत होती. “अहो, मी वर हॉलमध्ये बसू की खाली? खाली गार वाटतं म्हणे.”

खाली बस. दोन शब्द होते. पण दोन शब्द बोलले की तिसरा येतो, ‘का’, आणि त्याचं उत्तर द्यावं लागतं.

“कुठेही बस,” तो म्हणाला. “चालेल.”

“मग दादाला बरं वाटेल, वरच बसते.”

जहाजावर चीफ ऑफिसरने वही पुढे केली. सहीची जागा रिकामी होती. शेजारी तिच्या सहीचीही जागा असायची, नियमाने ती लागत नसली तरी. तिने केली नव्हती.

“मी करणार नाही, सर. तुम्हीच शिकवलंत.”

“तासाभराची फेरी आहे गं. वारा नाही, लाट नाही.” हे वाक्य कुणाचं, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याचे कान तापले.

“दोनशे माणसं वर असणार आहेत. ती लाटेपेक्षा कमी आहेत का?”

कप्तानाने सही केली. सवयीने, तिरकी, झोकदार. तिने वही मिटली आणि खाली इंजिनाच्या खोलीत गेली. पंपवाल्या मिस्त्रीला तिने पंपाशेजारून हलू दिलं नाही. जेवायलासुद्धा नाही.

संध्याकाळी पाचला दोरखंड सुटले. वरच्या हॉलमध्ये दोनशे माणसं, झुंबर लखलखतंय, आरशांत दोनशेची चारशे झालीत. मेहुणा माइक घेऊन दगडी काउंटरला टेकून उभा. कप्तान हॉलला लागूनच असलेल्या पुढच्या केबिनमध्ये, जिथून जहाज चालवतात. जहाज धक्क्यापासून शंभरेक फूट गेलं असेल, आणि धक्क्यावरच्या कुणीतरी वर बघून फोटोसाठी हात हलवला. झालं! सगळी माणसं डाव्या कठड्याकडे धावली.

जहाज डावीकडे कललं. साहजिक होतं. माणसं हसली, किंचाळली, आपापल्या जागी परतू लागली.

जहाज परतलं नाही.

तसंच राहिलं, खांदा पाडून, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं. झुंबर तिरकं लटकत होतं आणि हळूहळू लोकांचं हसणं आटत गेलं. कप्तानाला कळलं. माणसं परतल्यावरही जहाज कललेलंच होतं, म्हणजे कारण डावीकडचं वजन नव्हतं. सरळ उभं राहण्याची त्याची ताकदच संपली होती. आता ते डावीकडे पडेल नाहीतर उजवीकडे, सरळ तेवढं राहणार नाही. अशा वेळी माणसं एका बाजूकडून दुसरीकडे पळवायची नाहीत, मेलं तरी नाही. तिसऱ्या तासाचा धडा, दरवर्षीच्या परीक्षेतला प्रश्न.

“मंडळी, घाबरू नका!” हॉलमधून मेहुण्याचा आवाज आला. “अगदी सोपं आहे! सगळ्यांनी उजवीकडे चला, जहाज सरळ होईल!”

कप्तानाने आपल्या माइककडे हात नेला. आणि मेहुण्याचं बोलणं पुरं होऊ दे, म्हणून थांबला. हो, थांबला! मोठ्यांचं बोलणं मध्येच तोडायचं नाही, अशी सवय होती ना.

दोनशे माणसं उजवीकडे धावली. जहाज सरळ झालं, क्षणभर सगळ्यांना वाटलं सुटलो, आणि खालच्या अर्ध्या भरलेल्या टाक्यांतलं पाणी दाणदिशी उजवीकडे गेलं. जहाज उजवीकडे असं कोसळलं, की डावीकडचं कलणं म्हणजे नुसती मान झुकवणं वाटावं. सोफे संगमरवरावरून गाड्यांसारखे सुटले. एक आरसा फुटला. माणसं माणसांवर पडली. दगडी काउंटर तेवढा जागचा हलला नाही. त्याला बोल्ट होते. माणसांना नव्हते.

केबिनचं दार आपटलं. दारात बायको. एक हात दुसऱ्या हाताने छातीशी धरलेला; मनगट भलत्याच दिशेला वळलं होतं. चेहरा पांढराफटक. ती दाराच्या चौकटीला टेकून त्याच्याकडे बघत राहिली.

“तुम्हाला माहीत होतं?” तिने विचारलं.

“थोडंफार,” तो म्हणाला.

आणि मग, देव जाणे कुठून, फळ्यापाशी ठेवलेला वाघ आला. त्याने माइक ओढला. “मी कप्तान बोलतोय. आहात तिथे खाली बसा. जमिनीवर. जो उठेल त्याला मी स्वतः पाण्यात फेकीन.” दोनशे माणसं खाली बसली. त्याने इंजिनाच्या खोलीचा फोन उचलला. पलीकडे चीफ ऑफिसर तयारच होती.

“उजवी टाकी,” तो म्हणाला. “गच्च. मग डावी.”

“उजवी आधी. मिस्त्री, सोड,” ती म्हणाली. पंपाचा आवाज फोनमधूनही ऐकू आला.

मेहुणा धडपडत आत आला. टाय खांद्यावर, कपाळाला टेंगूळ. “उजवी? भावोजी, जहाज उजवीकडे कललंय आणि तुम्ही उजवीकडेच पाणी भरताय? डोकं ठिकाणावर आहे का? डावी भरा, डावी!”

त्याचं चुकत नव्हतं म्हणा. घरात कपाट उजवीकडे कललं तर डावीकडे काहीतरी लावावं लागतं, हे फर्निचरवाल्याला कळायलाच हवं. पण जहाज म्हणजे कपाट नव्हे. वरची बाजू आधी भरली असती, तर जहाज पुन्हा उसळी मारून डावीकडे आपटलं असतं, आणि या वेळी कदाचित थांबलं नसतं.

“खाली गेलेली बाजू आधी,” कप्तान म्हणाला. “आणखी थोडं कलेल. मग थांबेल.”

“आणखी कलेल? आणखी?” मेहुण्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने फोनकडे झेप घेतली. “अहो माझं जहाज आहे! बरं, असं करा, तुमचंही राहू दे आणि माझंही राहू दे. दोन्ही बाजूंना थोडं थोडं भरा. अर्धं इकडे, अर्धं तिकडे!”

कप्तानाने फोन छातीशी धरला.

“चालणार नाही,” तो म्हणाला.

मेहुण्याला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. बारा वर्षांत हे शब्द त्याने या तोंडून ऐकले नव्हते.

“काय म्हणालात?”

“चालणार नाही म्हणालो. तिथे खाली बसा, दादा. जमिनीवर. सगळ्यांसारखे.”

मेहुणा बसला. जहाज आणखी कललं. हॉलमधून असा आक्रोश उठला, की धक्क्यावरची माणसं पळत सुटली. उजवा कठडा पाण्याच्या इतका जवळ गेला, की सोनेरी पट्टा त्या बाजूला सगळाच्या सगळा बुडाला. कप्तान फोन कानाला लावून टाकी भरत आल्याचे आकडे ऐकत होता आणि त्याची बायको चौकटीला धरून त्याच्याकडे बघत होती. मग कलणं थांबलं. टाकी काठोकाठ भरली; आत पाण्याला पळायला जागाच उरली नाही. “आता डावी,” तो म्हणाला. वीस मिनिटांनी जहाजाने खांदा उचलला, नाखुशीने, इंच इंच. माणसांना पाच पाच करून मधल्या जिन्याने खाली उतरवलं. कुणी मेलं नाही. सात जणांची हाडं मोडली, त्यातलं एक मनगट कप्तानाच्या घरचं.

तीन दिवसांनी सासूबाईंच्या खोलीत बैठक बसली. बंदर कचेरीचं पत्र आलं होतं. उद्या सकाळपर्यंत लेखी खुलासा हवा होता. बायकोचा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. मेहुण्याने खुलासा टाइप करूनच आणला होता. जहाज बंदरात असता अचानक सुटलेल्या जोरदार वाऱ्यामुळे, वगैरे. खाली कप्तानाच्या सहीची जागा.

“त्या दिवशी वाराच नव्हता,” कप्तान म्हणाला.

“वाऱ्याला कोण विचारायला जातंय?” मेहुणा म्हणाला. “आणि भावोजी, खरं सांगायचं तर वहीत सही तुमची आहे. टाक्या अर्ध्या ठेवल्या तुम्ही. मी बोलत नाही म्हणून.”

“दादा!” बायको म्हणाली.

“भांडू नका,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण हात सवयीने हवेत उठला आणि मधोमध आडवा फिरला. “चूक दोघांची आहे. अर्धी त्याची, अर्धी तुमची, जावईबापू. वाऱ्याचं लिहून टाका, म्हणजे कुणाचीच नको. घरातली गोष्ट घरात.”

खोलीत पुन्हा मोकळं वाटू लागलं. मेहुण्याने पेन पुढे केलं. सगळे त्या एका शब्दाची वाट बघत होते. कप्तानाच्या जिभेवर तो आलाही होता, खरंच आला होता. बारा वर्षांची वाट होती, ती जिभेला पाठ होती.

“अर्धी नाही, आई,” तो म्हणाला. “पूर्ण. सही माझी आहे. मी सगळं लिहिणार. हॉलचं वजन, संगमरवर, चौदा सेकंद, टाक्या.”

“लायसन्स जाईल तुमचं!” मेहुणा उडालाच. “आणि हॉल पाडायला लावतील, कळतंय का? सगळा हॉल!”

“हो. दोन्ही होईल.”

“अगं, सांग ना यांना काहीतरी!” मेहुणा बहिणीकडे वळला.

पण ती भावाकडे बघत नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती, त्या दिवशी केबिनच्या दारातून बघत होती तशीच.

“तुम्हाला माहीत होतं?” तिने विचारलं. “थोडंफार नको.”

“सगळं,” तो म्हणाला. “चाचणी फेरीपासून. टाक्या अर्ध्या ठरल्या तेव्हा तर अगदी नक्की.”

“मग सकाळी मी विचारलं, वर बसू की खाली.”

त्याने मान खाली घातली. “खाली बस म्हटलं असतं, तर का ते सांगावं लागलं असतं.”

“जाऊ दे गं,” सासूबाई घाईघाईने म्हणाल्या, “झालं गेलं...”

“आई, तू मध्ये बोलू नकोस,” बायको म्हणाली. त्या खोलीत हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तिने धडधाकट हाताने तो टाइप केलेला कागद उचलला, उलटा केला, कोरी बाजू त्याच्यासमोर ठेवली आणि मेहुण्याच्या हातातलं पेन काढून त्यावर ठेवलं.

“लिहा सगळं,” ती म्हणाली. “आणि हे सकाळचंही लिहा.”